रानातून आलेली आई

१

इस्पितळातून घरी आल्यावर बरेच दिवस मला सगळे हातावर झेलत होते. मग एका सकाळी मी कुणाला न विचारता उठले आणि मुलीचा डबा भरायला घेतला. जिना चढायचा नाही, जड उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. सफरचंद चिरायचं नाही, असं काही ते म्हणाले नव्हते. नवरा खिडकीशी बसून बुटांना पॉलिश करत होता. नणंद आतल्या खोलीत पांघरुणं झटकत होती. सगळं इतकं नेहमीसारखं होतं की मला भरून आलं.

गोटी दारात येऊन उभी राहिली. गोटी म्हणजे आमची मुलगी. डोळे काचेच्या गोटीसारखे, म्हणून हे नाव. यंदाच पहिलीत गेलेली.

"साल काढू का गं?" मी विचारलं.

"तुम्हाला वेळ असेल तर काढा," ती म्हणाली.

नवरा हसला. "बघ, आत्यानं काय वळण लावलंय. आता मलाही अहो-जाहो कर म्हणावं."

"बाबा, तू गप रे," गोटी म्हणाली. मग माझ्याकडे बघून घाईघाईनं, "तुम्हाला नाही म्हटलं हं."

मीही हसले. डबा भरला, झाकण दाबलं. तिनं तो दोन्ही हातांनी घेतला, एखाद्या पाहुण्याकडून घ्यावा तसा, आणि माझ्याकडे पाठ न करता दोन पावलं मागे सरकून मगच वळली.

बापाला तू, आत्याला तू, पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्या आजोबांनासुद्धा तू. तुम्ही फक्त मला.

२

मी कान तपासते. कानाच्या एका डॉक्टरांच्या दवाखान्यात ते माझं काम आहे. इतकी वर्षं त्यात घालवल्यावर एक सवय लागते. काही विचित्र दिसलं की आधी यंत्र तपासायचं, मग कान, मग माणूस. उगाच घाबरायचं नाही.

म्हणून मी रीतसर विचार केला. ताप माझ्या फुप्फुसात उतरला होता. बरेच दिवस मला शुद्ध नव्हती, घशात नळी होती. लहान मुलांना तिथे सोडत नसत, त्यामुळे गोटीनं मला पाहिलंच नव्हतं. एके दिवशी तिची आई धापा टाकत गाडीत बसून गेली आणि मध्ये काहीच नसताना एके दिवशी एक हाडकुळी, केस कापलेली, घोगऱ्या आवाजाची बाई परत आली. पोरीनं बिचकायचं नाही तर काय करायचं? होईल हळूहळू, असं मी स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी तिच्या पलंगावर जाऊन बसले. आजारी पडण्याआधी मी तिला रोज एक लांबलचक गोष्ट सांगायचे. ती माझी स्वतःची होती, रोज थोडी पुढे जायची. एका कासवाच्या पाठीवर एक गाव असतं. गावाला वाटतं, आपण जागच्या जागी आहोत. फक्त पाववाल्याची मुलगी ओळखून असते, कारण तिच्या खिडकीतला डोंगर रोज थोडासा सरकलेला असतो.

"कुठवर आलो होतो आपण?" मी विचारलं.

"ती विहिरीत उतरते तिथवर."

"हां. तर ती विहिरीत उतरते," मी सुरुवात केली आणि थांबले.

पुढचं मला आठवेना. म्हणजे मी पुढचं रचलं नव्हतं असं नाही. ते मी रचलेलं होतं, मनात घोळवलेलं होतं, एवढं मला पक्कं माहीत होतं. कपाटात ठेवलेली वस्तू काढायला हात घालावा आणि नुसती फळी लागावी, तसं झालं. मग मी एक बेडूक आणला, त्याला बोलायला लावलं, गोष्ट कशीबशी पार पाडली. गोटीनं ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"छान होती," ती म्हणाली. "आभारी आहे."

आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मी तशीच बसून राहिले. लहानपणी आपल्याला कोणी कुठल्या गोष्टी सांगितल्या, ते आठवायचा प्रयत्न केला. शाळेची भिंत आठवली, आईच्या शिवणयंत्राचा आवाज आठवला, गुडघ्याला लागलेलं आठवलं. गोष्ट मात्र एकही आठवेना. तापानं डोकं धुतलं गेलंय, मी म्हटलं. औषधंही काय थोडी दिली होती का.

३

दुसऱ्या दिवशी केस विंचरताना मी तिला सरळच विचारलं. "गोटी, मला तू तुम्ही का म्हणतेस?"

"बदली बाईंना आम्ही तुम्हीच म्हणतो."

त्यांच्या वर्गाच्या बाई रजेवर गेल्या की दुसऱ्या वर्गाच्या येतात, त्यांना मुलं बदली बाई म्हणतात.

"मग मी काय बदली बाई आहे?"

तिनं जरा विचार केला. "बाई नाही," ती म्हणाली.

माझा हात थांबला. आरशात ती माझ्याकडे बघत होती, भीतीनं नव्हे, काळजीनं.

"कोणी सांगितलं तुला हे?"

"गोष्टीत आहे. रान ज्याला ठेवून घेतं, त्याच्या जागी दुसरं पाठवतं. त्याच्याशी नीट बोलायचं. त्याला चिडवायचं नाही. आपण ओळखलंय असं दाखवायचं नाही."

"का?"

"कारण त्याला स्वतःला माहीत नसतं." आणि लगेच, "मला शाळेला उशीर होतोय."

ती गेल्यावर मी नणंदेला गाठलं. त्या नवऱ्याची मोठी बहीण, आयुष्यभर बालवाडीत शिकवून निवृत्त झालेल्या. माझ्या आजारपणात सगळं घर त्यांनीच ओढलं होतं. त्यांच्यावर आवाज चढवणं मला शोभलं नसतं.

"ताई, तुम्ही हिला रानाची कुठली गोष्ट सांगितलीत?"

"अगं, काय करणार होते मी? घास घेत नव्हती. आई कुठंय म्हणून सारखं टुमणं. म्हटलं, आई गेलीय रानात, औषधाचा पाला आणायला. रानाला ती फार आवडली, म्हणून रानानं तिला ठेवून घेतलंय. तू रोज जेवलीस आणि रोज हाक मारलीस की सोडेल."

"आणि बदली?"

"कसली बदली?"

मी गोटीचं बोलणं त्यांना सांगितलं. त्या ऐकत गेल्या तसा त्यांचा चेहरा उतरला.

"आईशप्पथ, असलं काही मी बोलले नाही गं. माझ्या गोष्टीत आई परत येते, लेकीला उचलून घेते, संपलं." मग म्हणाल्या, "पण पोरांचं असंच असतं. आपण गोष्ट म्हणजे एक खोली दाखवतो, ती तिथे राहायलाच जातात. मग त्या खोलीला आणखी कुठे कुठे दारं आहेत, ते आपल्याला थोडंच ठाऊक असतं."

संध्याकाळी त्यांनीच गोटीला जवळ घेऊन विचारलं, "असं मी कधी सांगितलं गं तुला, लबाडे?"

"तू नाही सांगितलंस," गोटी म्हणाली. "ते गोष्टीतच होतं."

४

मी कामावर रुजू झाले आणि नणंद आपल्या घरी गेल्या. त्याच सुमारास गोटीच्या वर्गाच्या बाईंनी मला फाटकाशी थांबवलं. हाक मारली तर ती ओ देत नाही, मान वाकडी करून बसते, कान दाखवून आणा, असं त्या म्हणाल्या. मला खरं तर हायसं वाटलं. कान म्हणजे माझ्या हातातली गोष्ट.

शनिवारी दुपारी दवाखाना बंद असतो. मी तिला तेव्हा घेऊन गेले. आमच्याकडे तपासणीची एक छोटी खोली आहे. खोली म्हणजे खोलीच्या आत ठेवलेलं एक मोठं खोकंच. भिंती कापसानं भरलेल्या, दार माझ्या वितीएवढं जाड, बाहेर बघायला दुहेरी काच. आत एक गादीची खुर्ची, कानाला लावायचे हेडफोन आणि एक बटण. दार लावलं की आत बाहेरचं काहीही येत नाही. कित्येकांना तिथे आपल्याच रक्ताचा आवाज ऐकू येतो. मी बाहेर यंत्रापाशी बसते, बारीक सूर सोडते. आतल्याला तो ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. मग माझ्यासमोरचा छोटा दिवा लागतो.

"शिट्टी ऐकू आली की दाबायचं. कितीही बारीक असली तरी," मी तिला सांगितलं.

"हो, समजलं. तुम्ही जा."

तिचे कान उत्तम निघाले. मोठ्या माणसांना जे सूर सहसा ऐकू येत नाहीत, तेसुद्धा तिनं पकडले. मी यंत्रावरून हात काढला, निकाल लिहायला पेन उचललं.

दिवा लागला.

लहान मुलं उत्साहात दाबतात, हे नेहमीचं आहे. दिवा विझला, पुन्हा लागला. थोडा वेळ थांबून पुन्हा लागला. मी काचेतून पाहिलं. गोटी पाय हलवत हसत होती. ते हसू मी आजारपणानंतर पाहिलंच नव्हतं. मान वाकडी, डोळे अर्धवट मिटलेले, आणि मधूनच "हं" म्हणत असल्यासारखे ओठ. गोष्ट ऐकणारं मूल जसं हुंकार देतं तसं. तोंडाऐवजी बोटानं.

मी माइकचं बटण दाबलं. "गोटी, काय ऐकतेस?"

तिनं डोळे न उघडता ओठांवर बोट ठेवलं. मला गप्प बसवलं.

ती बाहेर आली तेव्हा गाल लाल झाले होते. "विहिरीच्या तळाशी पोचली ती," ती म्हणाली. "मला माहीतच होतं, ती पोचणार."

"कोण सांगत होतं गोष्ट?"

"आई," ती म्हणाली. रस्त्यात अनोळखी बाईनं 'तू कुणाबरोबर आलीस' असं विचारल्यावर मुलं सांगतात, अगदी तसं.

५

आधी यंत्र. सोमवारी जेवणाच्या सुट्टीत सगळे बाहेर गेल्यावर मी वायरी तपासल्या. कुठे रेडिओ शिरत नव्हता, कुठे जोड सैल नव्हता. मग कान. मी स्वतः आत बसले, दार ओढून घेतलं आणि हेडफोन चढवले.

माझ्या आजारात दिलेली काही औषधं कानाला बाधतात, हे मला माहीत होतं. कानात गुणगुण होऊ शकते, शिट्ट्या वाजू शकतात. मी ते मनाशी घोकत राहिले. सुरुवातीला माझा श्वास ऐकू आला, घशातली खरखर ऐकू आली. मग तीही बसली.

"... तर विहिरीच्या तळाशी पाणी नव्हतंच. तळाशी कासवाची कातडी होती, ऊन ऊन, आणि पाववाल्याच्या मुलीनं तिच्यावर हात ठेवला ..."

तो माझा आवाज होता. नळी घालण्याआधीचा माझा आवाज, स्वच्छ, थोडासा हसरा. वाक्य संपताना मी सूर जरासा उचलते, म्हणजे उचलायचे, तेसुद्धा तसंच. आणि तो सांगत होता ते तेच होतं, जे मला आठवत नव्हतं. ऐकता ऐकता मला एक एक गोष्ट पटत गेली. हो, इथे ऊन कातडी होती. हो, इथे मुलगी तीन हाका मारते. पण ते आठवल्यासारखं वाटत नव्हतं. दुसऱ्याच्या घरातली सामानाची जागा समजावी, तसं वाटत होतं.

मी हेडफोनची वायर भिंतीतून उपसून हातात घेतली. आवाज चालूच राहिला.

मेंदू असं करतो, मी मोठ्यानं म्हटलं. जे हरवलं ते तो कुठल्यातरी आडबाजूनं परत देतो. माझीच आठवण माझ्याच कानात बोलतेय. यात घाबरण्यासारखं काय आहे?

आवाज थांबला. मी बोलले म्हणून थांबला, असं वाटलं. मग अगदी जवळून, खासगीत विचारावं तसं त्यानं विचारलं,

"ती जेवते का नीट?"

६

मी पळून गेले नाही. आता कुणी ऐकलं तर नवल वाटेल, पण माझ्या घरी एक मूल माझे आभार मानत होतं, आणि त्यापुढे मला कसलीच भीती मोठी वाटत नव्हती.

त्या संध्याकाळी मी गोटीला विहिरीचा तळ सांगितला. ऊन कातडी, तीन हाका, सगळं. ती भिंतीकडून वळली. कोपरावर उठून बसली.

"आणि मग?"

"मग उद्या."

त्यानंतर मी रोज जेवणाची सुट्टी त्या खोलीत काढू लागले. आवाज थोडी गोष्ट सांगायचा आणि थांबून विचारायचा. जेवते का. केस कोण विंचरतं. दात हलत होता तो पडला का. मी खरी खरी उत्तरं द्यायचे. तेवढं दिलं की गोष्ट पुढे सरकायची. दोन बायका एकाच मुलाबद्दल बोलतात तसं ते बोलणं होतं, आणि त्यात वैर नव्हतं. मी संध्याकाळी शब्द न् शब्द घरी न्यायचे. सूर उचलायलाही शिकले.

गोटी सुधारत गेली. आधी पलंगावर माझ्यासाठी जागा करायला लागली. मग झोपेत माझा हात धरायला लागली. एका सकाळी डबा घेताना म्हणाली, "आई, आज तू सफरचंद नको देऊस, कंटाळा आलाय." मी ओट्याला टेकून उभी राहिले. नवऱ्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, जरा दम लागला.

शाळेतल्या बाईंनीही सांगितलं, आता ती हाकेला ओ देते. मान वाकडी करत नाही. तिला आता ते गोष्ट सांगणं ऐकू येत नव्हतं. मला मात्र येत होतं.

मग एका दुपारी मी आत गेले तेव्हा आवाजानं गोष्ट काढलीच नाही. बराच वेळ नुसता श्वास येत राहिला.

"आता ती मला हाक मारत नाही," आवाज म्हणाला.

मी हेडफोन काढून हातात धरले. आवाज पुढे म्हणाला,

"तुम्ही तिला सांगाल का? मला वाट सापडत नाही. तिनं हाक मारली तर सापडेल. एकदाच." आणि मग, "का मीच येऊ? दार उघडं ठेवाल?"

मी हेडफोन खुंटीला अडकवले, बाहेर आले आणि ते जाड दार खांद्यानं रेटून लावलं. खुर्चीत मी बसलेच नव्हते, उभ्या उभ्याच ऐकलं होतं सगळं. बाहेर यंत्रापाशी आल्यावर हाताला चाळा म्हणून, की खात्री करून घ्यायची म्हणून, मी एक सूर आत सोडला. अगदी बारीक, शंभरात एखाद्यालाच ऐकू येईल असा.

दिवा लागला.

आणखी बारीक सोडला. दिवा लागला. यंत्राच्या शेवटच्या टोकाला नेला, जिथे यंत्र आवाज करतं की नाही, हे मलाही सांगता येत नाही. दिवा लागला, आणि लागलेलाच राहिला.

मी काचेतून पाहिलं. खोली रिकामी होती. खुर्चीची गादी मात्र खाली दबलेली होती, कुणीतरी पुढे सरकून, अगदी कडेवर बसल्यासारखी.

मी यंत्र बंद केलं. यंत्राचे सगळे दिवे गेले. तो एक जायला जरा वेळ लागला.

७

डॉक्टरांना मी म्हटलं की खोली जुनी झाली, दाराचं रबर गेलंय, निकाल चुकतात. निकाल चुकत नव्हते. पण डॉक्टरांच्या मनात नवीन घ्यायचं होतंच, त्यांनी मान डोलावली. जुनी खोली गावाबाहेरच्या एका गोदामात नेऊन ठेवायची ठरली. मधल्या दिवसांत मी पेशंट दुसऱ्या जागी तपासले. संध्याकाळी गोटीला पुढची गोष्ट सांगायची वेळ आली तेव्हा मी ती माझी मीच रचली. मुलगी विहिरीतून वर येते आणि विहीर बुजवून टाकते, असं सांगितलं. गोटीनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं.

"का बुजवली?"

"कुणी पडू नये म्हणून."

"बरं," ती म्हणाली, आणि माझ्या कुशीत शिरली.

हमाल दुपारी आले. दार चिकटपट्टीनं बंद करून त्यांनी खोकं जसंच्या तसं लोखंडी चाकांवर चढवलं आणि मागच्या दारानं बाहेर काढलं. फळी लावून ते ट्रकवर ढकलताना त्यांच्या मानेच्या शिरा फुगल्या. मधेच त्यांचा मुकादम थांबला, घाम पुसला आणि खोक्यावर थाप मारून म्हणाला,

"काय हो बाई, रिकामी खोली एवढी जड? आत कोणी बसलंय की काय?"

बाकीचे हसले. हसणं संपल्यावर आतून काहीतरी वाजलं. फार मोठ्यानं नाही. एखाद्याला झोपेतून उठवायचं नसलं की बोटाच्या पेरानं टकटक करतात, तेवढंच. मुकादम पुढे झाला. त्यानं कान खोक्याला लावला, मग माझ्याकडे पाहिलं.

"बाई, उघडून बघू का?"

सगळे हात खोक्याला लावून थांबले होते. ऊन होतं, रस्त्यावर माणसं येत-जात होती. चिकटपट्टीचं एक टोक वाऱ्यानं फडफडत होतं. ते ओढलं असतं तर दार उघडलं असतं.

"नको," मी म्हटलं. "फळ्या सैल झाल्यात, वाजतात. आत कोणी नाही."

त्यानं आणखी एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि खांदा लावला. ट्रक सुरू झाला, कोपऱ्यावर जरा अडकला, मग वळून दिसेनासा झाला. मी फडक्यानं हात पुसले आणि घड्याळ पाहिलं. शाळा सुटायची वेळ होत आली होती, आणि माझ्या मुलीला फाटकाशी ताटकळत ठेवलेलं मला आवडत नाही.